माशीमावशी आणि मामीचे पेरू

मावशी या शब्दातला व काढला की माशी उरते. हा विनोद आमच्या खोऱ्यात पहिल्यांदा कोणी केला ते माहीत नाही, पण मावशी फळमाशीच्या सापळ्यांच्या कामाला लागली आणि बघता बघता लहानथोर सगळे तिला माशीमावशी म्हणायला लागले. मी तिची सख्खी भाची, त्यामुळे मावशी म्हणायचा हक्क मला जन्मापासून होता. बाकीच्यांनी तो फुकटात मिळवला. तिला राग यायचा नाही. "याहून वाईट नावं पडतात माणसांना," ती म्हणायची. "आपल्या बागायतदार संघाच्या अध्यक्षांना पाठीमागे काय म्हणतात ते विचार कुणाला तरी."

आमचं खोरं संत्र्यांचं. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला घाट. आत यायला आणि बाहेर जायला तो एकच रस्ता. डोंगरापलीकडे फळमाशी आहे, अलीकडे नाही, आणि म्हणूनच आमच्या संत्र्याला बाहेरच्या बाजारात मान. घाटाच्या तोंडाशी चौकी आहे. तिथे पत्र्याची पिंपं ठेवलेली असतात. येणाऱ्याने आपल्याजवळचं ताजं फळ त्यात टाकायचं आणि मगच पुढे यायचं. पोरांच्या डब्यातली सफरचंदाची फोडसुद्धा सुटत नाही. खोऱ्यात पेरूचं झाड लावायला तर सक्त मनाई, कारण फळमाशीला पेरू म्हणजे माहेर.

मावशीचे यजमान संघाचा ट्रक चालवायचे. ते घाटातल्या अपघातात गेले तेव्हा संघाने मावशीला सापळ्यांचं काम दिलं. संघाला वाटलं, आपण उपकार केले. मावशीला वाटलं, बाहेर फिरायला मिळेल. दोघांचंही खरं होतं.

सापळा म्हणजे पिवळ्या बुडाची प्लास्टिकची बरणी. तिला खालून आत वळलेलं तोंड असतं. माशी खालून आत शिरते, वरच्या उजेडाकडे उडते, परतीची वाट तिला सापडत नाही आणि शेवटी ती खालच्या पाण्यात पडते. त्या पाण्यात आमिष असतं: यीस्ट, साखर आणि पडलेल्या माश्या कुजू नयेत म्हणून थोडा टाकणखार. हे मावशी घरामागच्या पडवीत मोठ्या पातेल्यात कालवायची. वास असा, की आंबलेल्या पिठात कुणी ओले मोजे बुडवून ठेवलेत. तो तिच्या हातांना, केसांना, पिशवीला, स्कूटरच्या सीटला बसलेला. बँकेत रांगेत ती उभी राहिली की पुढचा माणूस स्वतःहून म्हणायचा, "मावशी, तुम्ही व्हा पुढे."

"नरांना भुलवायचं अत्तर वेगळं असतं," ती मला सांगायची. "त्याला नुसते बाप्येच येतात. हे आपलं खाणं आहे. खाण्याला दोघं येतात, पण बाई जास्त. अंडी धरायची तर अंगात काही नको का? बाळंतपण काय हवेवर होतं?"

आठवड्यातून एकदा प्रत्येक बरणी उतरवायची, पाणी गाळणीतून ओतायचं, गाळणीत राहिलेलं पांढऱ्या बशीत पसरायचं आणि चिमट्याने एकेक बघायचं. चिलटं, घरमाश्या, पतंग, एखादी चुकलेली मधमाशी. जुनं पाणी झाडाखाली ओतायचं नाही, कारण वासाने बाहेरच माश्या जमल्या तर बरणीत कोण जाणार? ते डब्यात भरून परत न्यायचं. लोकांना वाटायचं, ही माश्या मारते. "अहो, मी कुठली मारते," ती हसायची. "माशी आलीय का एवढंच मला कळतं. आली तर पुढे माझ्या हातात काही नाही." हे ती इतक्या सहज म्हणायची की त्याचा अर्थ आम्ही कुणी कधी नीट ऐकलाच नाही.

माझी आई, मावशी आणि मामा अशी ती तीन भावंडं. मामा शेंडेफळ. आजोबांची बाग त्याच्याकडे आली. आई माझ्या लहानपणीच गेल्यामुळे मला आजोळ म्हणजे हीच दोन घरं. मामा स्वभावाने लोण्यासारखा. फांदी छाटायची वेळ आली की आधी झाडाकडे बघून "बरं का" म्हणायचा. मामी डोंगरापलीकडची. बोलायला फटकळ, आणि तिच्या बोलण्यात दर दोन दिवसांनी पेरू यायचाच. तिच्या माहेरी अंगणात पेरूची झाडं होती. "ज्या गावात पेरू नाही त्या गावात पोरगी देऊ नये, एवढं माझ्या आईला कळायला हवं होतं," ती म्हणायची, आणि मामा खाली मान घालून हसायचा.

त्या वर्षी संत्री हिरवी असताना मामीच्या पोटाचं दुखणं निघालं. पलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं, उघडलं आणि शिवलं. डॉक्टर मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. जे आवडेल ते खाऊ द्या." मामाने हे वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं मनावर घेतलं. पण मामीला काहीच आवडेना. सूप तोंडाशी नेलं की मान फिरवायची, दुधाच्या वासाने तिला मळमळायचं. तिचं जेवण चमच्यांवर आलं आणि मग चमचेही परत जायला लागले. मी पॅकिंग शेडमध्ये फळं निवडायचं काम करायचे. हंगामाला वेळ होता म्हणून दिवसभर तिच्याजवळ असायचे. एक दिवस डोळे मिटूनच ती म्हणाली, "पेरू असता तर खाल्ला असता."

मी हे मामाला सांगितलं. सांगायला नको होतं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी मामा औषधं आणायला पलीकडे गेला आणि दुपारी परत आला. संध्याकाळी मावशी नेहमीसारखी डोकवायला आली. ती दारातच थांबली. इतकी वर्षं वासात काढलेल्या बाईचं नाक ते.

"पेरू," ती म्हणाली.

मामी उशीला टेकून बसली होती. कितीतरी दिवसांनी बसली होती. तिच्या हातात अर्धा पेरू होता आणि हनुवटीवर रस. ती हसली. "ताई, रागावू नका. अर्धाच खाल्ला. बिया चावत नाहीत हो."

मावशीने आधी पदराने तिची हनुवटी पुसली. मग मामाकडे वळली. "कुठून आणलेस?"

"पलीकडून."

"ते कळतंय मला. चौकीवर?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याने डिकी उघडलीच नाही गं. म्हणाला, माशीमावशीच्या भावाला काय तपासायचं."

मावशी मटकन खुर्चीवर बसली. मामीला यातलं काही समजत नव्हतं असं नाही. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून संत्र्यांतच वावरली होती. पण तिने तो अर्धा पेरू खाली ठेवला नाही, मांडीवर ओंजळीत धरून ठेवला.

"बाकीचे दे," मावशी म्हणाली. मामाने पिशवी दिली. मावशीने घर पालथं घातलं. साली, देठ, बशीला चिकटलेल्या बिया, सगळं उचललं आणि घरी नेऊन आमिषाच्या पातेल्यात उकळून काढलं. जाताना पुन्हा विचारलं, "अजून कुठे काही राहिलंय?"

"नाही गं ताई."

तो खोटं बोलला नाही. त्याला तेव्हा तसंच वाटत होतं.

खरं तर त्याच वेळी तिने मॅडमना कळवायला हवं होतं. मॅडम म्हणजे कीटक विभागाच्या अधिकारी, मावशीच्या साहेब. मावशीने फोन हातात घेतलेला मी पाहिला आणि खाली ठेवलेलाही पाहिला. कळवलं असतं तर माणसं आली असती. मामीची उशीसुद्धा उचलून बघितली असती. "चार दिवसांची पाहुणी आहे गं ती," मावशी मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक जास्तीची बरणी घेऊन आली आणि मामीच्या खिडकीसमोरच्या संत्र्याला, सावलीच्या बाजूने, टांगून गेली. तिच्या हातात जे होतं ते तिने केलं.

मामी त्यानंतर थोडेच दिवस होती. पेरूचा तो अर्धा तुकडा हे तिचं शेवटचं धड खाणं.

मामी गेली आणि संत्र्यांना रंग चढायला लागला. झाडाला दुखवटा नसतो. मामाच्या बागेला त्या वर्षी असा बहर की फांद्यांना टेकू द्यावे लागले. डोंगरापलीकडून तोडणीवाले आले, दरवर्षी येणारी तीच टोळी. त्यांची मुकादमीण अंगाने ताडमाड, तिला सगळे लांबी म्हणायचे. शिडी न लावता ती वरची फळं काढायची. त्यांनी संघाच्या मोकळ्या शेडमध्ये चुली मांडल्या. तोडणी आठवड्यावर आली होती.

खिडकीसमोरच्या बरणीत ती माशी निघाली.

मावशीने मला नंतर सांगितलं, की बशीत पसरायच्याही आधी, गाळणीतच तिला कळलं. घरमाशीहून लहान, अंग पिवळसर, पंखांवर तपकिरी नक्षी आणि शेपटाला अंडी घालायची बारीक सुई. मादी. मावशी बशी धरून उभी राहिली. मामा चहाचे कप घेऊन बाहेर आला.

"काय गं?"

तिने बशी पुढे केली. मामाने वाकून पाहिलं. "हीच का ती?"

"मॅडम बघतील."

"तू बघितलंस की." मग म्हणाला, "तोडणी पुढच्या आठवड्यात आहे ताई." आणि लगेच त्यानेच मान हलवली. "नाही, नाही. दे तू. तुला द्यावीच लागणार."

तिने माशी स्पिरिटच्या बाटलीत टाकली, बूच लावलं. ती स्कूटरकडे निघाली तेव्हा मामाने पाठीमागून हाक मारली. त्याचा आवाज असा होता की ती धावत परत आली. तो पंपाच्या खोलीशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवत होता.

"ताई, त्या दिवशी दोन पेरू दबले होते. डिकीत. पिशवी काढताना हाताला लागले, गिळगिळीत झाले होते. मी ते तिथे टाकले. तिला चांगले द्यायचे म्हणून..."

दोघं भिंतीपाशी गुडघ्यांवर बसून पालापाचोळा उपसत राहिले. तिथे काहीच नव्हतं. असणार तरी काय? फळ कधीच विरघळून गेलं होतं. त्याच्यात काही अळ्या असतील तर त्या मातीत शिरून, कोष करून, पंख घेऊन निघूनही गेल्या होत्या.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सारून मावशीला म्हणाल्या, "तुम्ही बघा एकदा. आज माझं चुकलेलं असावं असं मला फार वाटतंय." त्यांचं चुकलं नव्हतं. माशीच्या पोटात अंडी होती.

मावशीने तिथेच, उभ्याउभ्याच, सगळं सांगितलं. पेरू, चौकी, भिंत, स्वतःचा न केलेला फोन. मॅडम चांगल्या बाई होत्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "पेरू आता कुठे आहेत?"

"उकळले. दोन राहिले ते गेले मातीत."

"म्हणजे दाखवायला काही नाही. मावशी, ही माशी तुमच्या पेरूतून आली का ट्रकच्या ताडपत्रीतून आली, का कुणाच्या पिशवीतून, हे मला या भिंगातून दिसत नाही. आणि दिसलं तरी पुढचं काही बदलत नाही. नियम माशीला आहे. ती कुणाची, याला नाही."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. बागांमधून बरण्या दाट टांगल्या गेल्या, दुसरी माशी सापडली, आणि मग मामाच्या शेजारच्या बागेतल्या एका संत्र्यात अळी निघाली. घाट बंद झाला. खोऱ्यातलं एकही फळ बाहेर जाणार नाही, आणि मामाच्या बागेभोवतीच्या टापूत झाडावर एकही फळ राहणार नाही, असा हुकूम आला.

तोडणीवाले तोडणीसाठीच आलेले होते. त्यांनीच ती संत्री तोडली. फरक एवढाच, की क्रेटऐवजी ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून खड्ड्यात. आम्ही शेडमधल्या बायकाही मदतीला गेलो, कारण शेडमध्ये काम उरलंच नव्हतं. पिकलेलं, निरोगी, टणक फळ हातात यायचं आणि आपोआप माझा अंगठा देठाशी फिरायचा. सवय. मग ते ट्रॉलीत टाकायचं. खड्ड्यापाशी यंत्र माती लोटायचं काम करत होतं. शेजारचा म्हातारा बागवाला, ज्याच्या संत्र्यात अळी निघाली तो, काठीवर हनुवटी टेकवून दिवसभर तिथे उभा होता. त्याच्याकडे बघून मामा प्रत्येक वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा.

मावशीकडे लोक येऊन विचारायचे, "मावशी, आता थांबेल ना?" ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात बरणी बघितल्यावर सांगते." यापलीकडे तिला काही सांगता येत नव्हतं. एकदा कुणीतरी चिडून म्हणालं, "मग तुमचा उपयोग काय हो?" ती पुढची बरणी उतरवायला गेली.

माशी आली म्हणजे कुणीतरी आणली. आणि 'कुणीतरी' म्हटलं की माणसाची नजर घरात फिरत नाही, दाराबाहेर जाते. चहाच्या टपरीवर सुरुवात झाली, मग शेडमध्ये, मग अध्यक्षांच्या तोंडी: तोडणीवाले पलीकडून येतात, त्यांची बोचकी कोण तपासतं? कुणी म्हणालं, त्यांच्या चुलीजवळ पेरूची साल पाहिली. कुणी म्हणालं, मी स्वतः पाहिली. कामाची मजुरी चुकती करून टोळीला सांगण्यात आलं, की उद्याच्या गाडीने जा आणि पुन्हा येऊ नका.

हे कळलं तशी मावशी मला घेऊन त्यांच्या शेडकडे गेली. लांबी भांडी बांधत होती.

"तुमच्यामुळे नाही आली माशी," मावशी म्हणाली.

"मला माहीत आहे," लांबी म्हणाली. तिने गाठ मारताना मान वर केली नाही. "चौकीवर आमच्या एवढ्याशा पोराच्या हातातलं सफरचंद काढून घेतलं. अर्धा रस्ता रडत होता. आमच्याकडे कुठून राहील काही?"

"माझ्या भावाकडून झालंय. मी सभेत सांगणार आहे."

लांबीचे हात थांबले. मामीला ती ओळखत होती. दर हंगामात मामी तिच्याशी दोन घटका पलीकडच्या गप्पा मारायची. "वहिनींसाठी आणले होते का?" तिने विचारलं.

मावशीने मान डोलावली.

"मग सांगून काय करता? गेलेल्या बाईचं नाव कशाला?" ती पुन्हा गाठीकडे वळली. "आणि तुमची सभा दुपारी. आमची गाडी सकाळची."

सकाळी गाडी गेली. दुपारी सभा भरली, पॅकिंग शेडमध्येच. लोक उलट्या क्रेटवर बसले होते. अध्यक्ष बोलायला उठले. त्यांनी पुढच्या वर्षीपासून पलीकडची टोळी आणायची नाही असा ठराव मांडला आणि हात वर व्हायला लागले. तेव्हा मामा उभा राहिला.

"माशी मी आणली," तो म्हणाला.

मामाने सगळं सांगितलं. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो मागचं पुढे आणि पुढचं मागे करत होता. डॉक्टर काय म्हणाले तिथून सुरू झाला आणि भिंतीपाशी येऊन थांबला. मला वाटलं, आता लोक तुटून पडतील. मामालाही तेच वाटत असणार. तो दोन्ही हात खाली सोडून, मार खायला उभं राहावं तसा उभा होता.

अध्यक्ष व्यासपीठावरून उतरले. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा तुम्ही," ते इतक्या मऊपणे म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. "तुमच्यावर काय कोसळलंय ते आम्हाला माहीत आहे. अशा वेळी माणूस सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेतो."

"मी खरं सांगतोय."

"हो, हो. कुणीतरी पाणी द्या यांना."

मावशी उठली. "तो खरं बोलतोय. मी डोळ्यांनी पाहिलेत ते पेरू. मी कळवलं नाही. माझंही चुकलंय."

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "भावाची माया आहे, दुसरं काय." आणि एकाने हिशेबी सुरात भर घातली, "समजा आणले असतील चार पेरू आजारी बाईला. चार पेरूंनी खोरं बुडतं का? ती बोचकी बघा, बोचकी!"

मावशी मॅडमकडे वळली. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, म्हणाल्या, "एका पेरूनेही बुडू शकतं." मग त्यांना विचारलं गेलं, की याच पेरूने बुडालं हे तुम्ही लिहून द्याल का? त्या म्हणाल्या, "नाही. तसं सांगता येत नाही. पण तोडणीवाल्यांनी आणली हेही सांगता येत नाही." पण हे दुसरं वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण पहिल्यावरच लोक एकमेकांशी बोलायला लागले होते.

शेवटी मामा त्या म्हाताऱ्या बागवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. "काका, तुम्ही तरी मला काहीतरी म्हणा. शिवी द्या."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, राग नव्हता. "काय म्हणू पोरा? तुझी बायको गेली," तो म्हणाला, आणि काठी सावरत बाहेर निघून गेला.

ठराव मंजूर झाला. मामाच्या हातात कुणीतरी पाण्याचा पेला दिला होता. तो त्याने तसाच धरून ठेवला होता. मावशीने तो काढून घेतला आणि त्याला घरी नेलं.

पुढे फवारण्या झाल्या, जमिनी नांगरून उलट्या केल्या, बरण्या रिकाम्या निघत गेल्या आणि पुढच्या बहराच्या आधी घाट उघडला. म्हणजे काम नीट झालं. मावशीला कुणीतरी पेढे देऊ का विचारलं, ती नको म्हणाली. तोडणीला लांबून दुसरी टोळी आणली. त्यांचा हात झाडाला नवखा. फांद्या मोडल्या, देठ तुटले. लोक कुरकुरले, पण ठराव बदला असं कोणी म्हणालं नाही.

मावशी आणि मामा एकदा लांबीला शोधायला पलीकडे गेले. तिचा फोन लागत नव्हता. तिच्या वस्तीवर गेले तर तिच्या खोलीत दुसरंच कुटुंब. शेजारीण म्हणाली, संत्र्यांचं काम बंद झालं म्हणून टोळी फुटली. कुणी द्राक्षांकडे गेलं, कुणी विटांच्या भट्टीवर. लांबी कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. मामा म्हणाला, "भेटली असती तरी काय म्हणालो असतो गं आपण?" मावशी म्हणाली, "ते भेटल्यावर सुचलं असतं." परतीच्या बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले. बाकीची बस दाटीवाटीने उभी होती. मावशीशेजारच्या तिसऱ्या जागेवर मात्र कुणी बसलं नाही.

मामाने बाग दुसऱ्याला कसायला दिली. स्वतः संघाच्या गोदामात क्रेट रचायचं काम करतो. लोक त्याच्याशी फार चांगले वागतात. तेच त्याला सोसत नाही, असं मावशी म्हणते. दोघं भांडलेले नाहीत, त्यामुळे मिटवायलाही काही नाही. रविवारी ती त्याच्याकडे जेवायला जाते, ती भाजी चिरते, तो भांडी घासतो, आणि मध्ये एखादं वाक्य.

मागच्या हंगामानंतर मावशीने मॅडमना सांगितलं, मला हे काम आता होत नाही. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. दुसरं माणूस मिळेपर्यंत तेवढं बघा." एक बाई आली होती, पातेल्याचं झाकण उघडेपर्यंत टिकली. एक गृहस्थ आले होते, त्यांना स्कूटर येत नव्हती. अजून कोणी मिळालेलं नाही. काल मी गेले तेव्हा मावशी पडवीत यीस्ट कालवत होती. मी म्हटलं, "सोड ना आता." ती म्हणाली, "सोडलंय गं मी. फक्त ते मला सोडत नाहीये." आणि तिने मला पातेलं धरायला सांगितलं, कारण एकटीने कलतं करणं हल्ली तिला झेपत नाही.